तीन ते चार, मशीन बंद

"तासभर मशीन बंद ठेवाल का?"

हे विचारायला मी शेजारच्या गाळ्यात धावत गेले, तेव्हा हातातले ग्लव्ह्जसुद्धा काढले नव्हते. साकीनाक्याच्या त्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आमची लॅब आणि स्टीलच्या डब्यांची झाकणं कापणारा तो कारखाना, यांच्यात एकच भिंत. मशीनचा प्रत्येक ठोका आमच्या आतल्या खोलीतल्या टेबलापर्यंत पोचायचा.

मशीनजवळचा माणूस वळला. शर्टावर तेलाचे डाग, भुवयांवर पत्र्याची बारीक चमक.

"कोणी आजारी आहे का?"

"अजून नाही. म्हणूनच सांगतेय."

त्याने बटण दाबलं. इतकी शांतता झाली की छतावरचा पंखा ऐकू आला.

"आता बोला."

मी बोलले. आमच्याकडे सलाइन, इंजेक्शनं तपासायला येतात. ती टोचल्यावर पेशंटला ताप भरू नये, हे आम्ही बघतो.

"औषधानेच ताप?"

"जंतू उकळून मरतात. पण त्यांची टरफलं मागे राहतात. ती रक्तात गेली की हुडहुडी भरते."

"म्हणजे मेल्यावरही त्रास." त्याने मान डोलावली. "आमचे एक चुलते होते तसे. जाताना कोर्टाच्या तारखा लावून गेले."

हसायची वेळ नव्हती. तरी मी हसले.

"औषधात एक द्राव मिसळायचा," मी सांगितलं, "नळी अंगाइतक्या उबेत तासभर ठेवायची आणि मग उलटी करायची. टरफलं असतील तर आतलं दह्यासारखं गोठतं, पडत नाही. नसतील तर ओघळतं. पण त्या तासात धक्का बसला, तर गोठलेलंही मोडतं. मग खराब औषध चांगलं ठरून सुटतं. आज मी मुद्दाम खराब केलेली नळीसुद्धा ओघळली."

"माझ्यामुळे?"

"तुमच्या मशीनमुळे."

तो मशीनकडे बघत राहिला... जणू मशीननेच कोणाला तरी टोचलं होतं.

"रोज किती वाजता?"

"तीन ते चार."

"झालं. आणि तो द्राव कशाचा?"

"एका खेकड्याच्या रक्तापासून करतात. घोड्याच्या नालेसारखा असतो तो. रक्त निळं."

"काहीही. आम्ही वेंगुर्ल्याचे, मॅडम. खेकड्याचं आम्हाला सांगू नका."

त्याचं नाव मार्तंड परब.

दुसऱ्या दिवशी तीनला मशीन थांबलं. नळ्या लावल्या की मलाही तासभर काही काम नसायचं. इस्टेटच्या मागे बदामाचं झाड होतं, त्याखाली उलटे घातलेले दोन क्रेट. कटिंग चहा. आणि त्याचा रोजचा एक प्रश्न.

"हा खेकडा नव्हता तेव्हा काय करायचे?"

"सशाला औषध टोचायचे आणि त्याला ताप येतो का बघायचे."

"सशाला थर्मामीटर कुठे लावतात?"

मी चहाच्या ग्लासात बघत राहिले. त्याला थोड्या वेळाने कळलं. त्याचे कान लाल झाले... आणि मला पहिल्यांदा वाटलं, चार वाजायला अजून वेळ असावा.

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते आठवत नाही. माझेही प्रश्न सुरू झाले. हाताच्या मागच्या बाजूचा तो व्रण कसला? चहात साखर टाकतोस आणि ढवळत का नाहीस?

"आणि मार्तंड? हे नाव कोणी ठेवलं रे?"

"आजोबांनी. गिरणीत होते. भोंगा झाला की अख्खी गिरणी थांबायची. नातवाच्या नावालाही तसाच दम हवा, असं वाटलं असेल."

"मग? थांबतं का काही?"

"एक मशीन थांबतं," तो म्हणाला. माझ्याकडे न बघता.

त्याच्याकडचे जुने कामगार दादूकाका तेवढ्यात कडेने गेले. "झाकणांना ताप येत नाय, गंधालीताई. पण आमच्या शेठला बघा एकदा हात लावून."

"दादूकाका, तुम्ही जेवून घ्या," मार्तंड म्हणाला.

"साडेतीनला?"

दिवाळीचे कंदील लागायला लागले, तेव्हा आमच्या लॅबच्या प्रमुख अनुपमा मॅडमनी मला बोलावलं.

"गंधाली, शेजाऱ्याच्या मेहेरबानीवर टेस्ट किती दिवस चालवायची? एक दिवस तो विसरला तर? महिनाअखेर ही टेस्ट आपल्या मुलुंडच्या लॅबमध्ये हलवतेय. तुलाही. घर तिथेच ना तुझं?"

घरापासून चालत दहा मिनिटं. आईने त्याच संध्याकाळी आनंदाने शिरा केला. मी दोन चमचे खाल्ला.

दुसऱ्या दिवशी त्याला सांगितलं.

"चांगलं झालं," तो म्हणाला.

"हो ना."

"चालत जाशील."

"हो."

बदामाचं एक पान दोघांच्या मध्ये पडलं. त्या दिवशी त्याने काहीच विचारलं नाही.

त्याच्या पुढच्या दिवशी तीन वाजले आणि मशीन थांबलंच नाही. धड... धड... मी नळ्या तशाच ठेवून त्याच्या गाळ्यात गेले.

"बंद कर ना. तीन वाजले."

"आत टेबलावर पाण्याचा ग्लास ठेव," तो मोठ्याने म्हणाला, "आणि बघ."

"मार्तंड, मस्करी नको."

"बघ तर."

चिडतच गेले. आतल्या खोलीत मी टेस्टपुरतीच जायचे, एरवी कधीच नाही. बीकरमध्ये पाणी घेतलं, टेबलावर ठेवलं. पाण्यात ट्यूबलाइटची पांढरी रेघ होती. भिंतीपलीकडून ठोके ऐकू येत होते... पण रेघ सरळच. पहिल्या दिवशी ह्याच टेबलावर ठेवलेलं पाणी शहारल्यासारखं थरथरत होतं.

परत गेले. त्याने मशीनखाली टॉर्च मारला. चारही पायांखाली जाड काळं रबर. त्यावर तेलाचे जुने, वाळलेले ओघळ.

"हे कधी लावलंस?"

तो फडक्याने हात पुसत राहिला. पुसून झालेलेच हात.

"गणपतीच्या आधी," दादूकाका म्हणाले.

"मग इतके दिवस बंद का ठेवत होतास?"

त्याने मशीन थांबवलं.

"तुला तो तास मोकळा असायचा." फडकं बाजूला ठेवत तो म्हणाला, "आधी सांगितलं असतं तर तू यायची थांबली असतीस. आता नाही सांगितलं तर जाशील. रात्रभर हेच डोक्यात... म्हटलं, निदान जवळ तरी राहशील."

मला खूप काही बोलायचं होतं. तोंडातून निघालं भलतंच.

"पाणी हललं नाही एवढ्यावर मॅडम मानणार नाहीत. मशीन चालू कर. आणि चार वाजेपर्यंत थांबवू नकोस."

मी मुद्दाम खराब केलेल्या नळ्या लावल्या. मॅडमना सगळं सांगितलं. म्हणजे... रबराचं सगळं. चार वाजता मॅडम शेजारी उभ्या असताना पहिली नळी हळूच उचलली आणि उलटी केली. आतला गोठलेला थेंब तळाला धरून राहिला. दुसरीतलाही.

"आठवडाभर रोज अशीच घे," मॅडम म्हणाल्या. "टिकलं तर कशाला हलवायचं?" आणि जाता जाता, "पण आपण न सांगता त्याने रबर बसवलं कसं गं?"

मी नळ्यांवरचे नंबर फार लक्ष देऊन वाचत होते.

तो आठवडा विचित्र गेला. तीन ते चार तो भिंतीच्या त्या बाजूला, मी ह्या बाजूला. ज्या आवाजावर भांडायला गेले होते, त्याच्या प्रत्येक ठोक्याला वाटायचं, आहे... आहे...

शेवटच्या दिवशी मॅडमनी मान डोलावली आणि मी एप्रनसकट शेजारी गेले.

"एकही नळी ओघळली नाही. टेस्ट इथेच राहणार. मीपण."

त्याने डोळे मिटून श्वास सोडला. मग सावकाश म्हणाला, "म्हणजे आता तीनला बंद करायची गरज नाही."

"गरज नाही. पण बंद कर. मशीन चालू असलं की मला तुझं बोलणं धड ऐकू येत नाही."

दादूकाका न सांगताच जेवायला निघून गेले.

"आणि माझा एक प्रश्न राहिलाय," मी म्हटलं. "मुलुंडच्या नादात आईचा शिरा वाया गेला. रविवारी पुन्हा करायला सांगतेय... कोण येणार म्हणून सांगू?"

त्याने माझ्याकडे बघत हात मागे नेला आणि चाचपडत बटण दाबलं. पंखा ऐकू यायला लागला.

"शिऱ्यात केळं घालते का गं आई?"

"घालते."

"मग सांग तिला," तो म्हणाला, "जास्त घाल म्हणावं."