सूप, खळ आणि चार लवंगा

"एक बर्नर मिळेल का?"

प्रश्न इतक्या हळू आला की धाकटीला आधी भासच वाटला. तिने पातेल्यावरची मान वर केली. स्वयंपाकघराच्या दारात एक उंच, किडकिडीत तरुण उभा होता. डोळ्यांना चष्मा, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, बोटांवर काहीतरी पांढरं वाळलेलं आणि हातात झाकण ठेवलेलं स्टीलचं भांडं.

"कशाला?" तिनेही कुजबुजतच विचारलं.

कुजबुजायला कारण होतं. ग्रंथालयाचं हे छोटं कँटीन आणि वाचकांचा मोठा हॉल यांच्यामध्ये फक्त लाकडी फळ्यांची भिंत होती. इकडे चमचा पडला की तिकडे चाळीस माना वर व्हायच्या, आणि ग्रंथपाल बाई फरशीवर टाचेचे दोन ठोके द्यायच्या. दोन ठोके म्हणजे गप्प बसा. त्यामुळे इथला नियमच होता, बोलायचं ते कानाशी. धाकटीच्या मावशीने तर या स्वयंपाकघरात अठरा वर्षं भांडणंसुद्धा कुजबुजत केली होती.

"खळ शिजवायचीय," तो दोन पावलं पुढे येऊन म्हणाला. "मी खाली तळघरात असतो. बाइंडर. फाटकी पुस्तकं शिवतो, चिकटवतो. माझी विजेची शेगडी आज सकाळी गेली."

"गेली म्हणजे?"

"थोडा धूर काढला... आणि गेली. आवाज न करता. ग्रंथालयातलीच ना ती."

धाकटीला हसू आलं, पण तिचे हसण्याचे दिवस नव्हते. मावशीच्या गुडघ्यांनी संप पुकारला तेव्हा "कँटीन मी बघते" असं तिनेच छातीठोकपणे सांगितलं होतं. त्यापायी टायपिंगची बरी नोकरी सोडली होती. "दोन महिन्यांत रडत परत येशील," असं दादा म्हणाला होता, आणि दोन महिने आता भरतच आले होते. कँटीनमध्ये मिळायचं ते टोमॅटोचं सूप आणि भाजलेला पाव. मावशीच्या सूपसाठी लोक पुस्तक उघडं टाकून यायचे. धाकटीचं सूप मात्र आंबट व्हायचं, नाहीतर पाणचट. किती मीठ, किती साखर असं विचारलं की मावशी म्हणायची, "अगं, हाताला कळतं." धाकटीच्या हाताला काही केल्या कळत नव्हतं. वाचक घरून थर्मास आणू लागले. शेवटी ग्रंथपाल बाईंनी तिला बोलावून फार गोड शब्दांत सांगितलं, की शनिवारी समिती बसणार आहे, आणि कँटीनच्या जागी बटण दाबलं की सूप देणारं यंत्र बसवायचं घाटतंय.

आणि आज सोमवार होता.

"तो मागचा लहान बर्नर घ्या," ती म्हणाली. "पण फुकट नाही."

"काय द्यावं लागेल?"

"खरं मत." तिने वाटीत पळीभर सूप ओतून त्याच्यापुढे धरलं. "इथे सगळे 'छान आहे' म्हणतात आणि वाटी अर्धी ठेवून जातात."

त्याने घोट घेतला. त्याचा डावा डोळा आपोआप मिटला.

"डोळा मारलात?"

"मी नाही... सूपने मारायला लावला."

धाकटीने ओठ दाबून धरले, पण उशीर झाला होता. फळ्यांपलीकडून ठक, ठक असे दोन ठोके आले.

मंगळवारी तो परत आला. त्याच भांड्यात मैदा आणि पाणी घेऊन, त्याच बर्नरपाशी. खळ म्हणजे मोठं चिकट काम. ढवळणं थांबलं की गाठी. त्यामुळे दोघं पाऊण तास शेजारी शेजारी उभं राहून आपापलं भांडं ढवळत राहिले, आणि एवढ्या वेळात दोन माणसं गप्प तरी किती बसणार?

"आज चिमूटभर साखर घातलीय," ती म्हणाली.

"कळतंय. आंबटपणा जरा नरमलाय. पण अजून पाठ फिरवूनच बसलाय."

"रुसलेल्यांची फार माहिती दिसतेय तुम्हाला."

"चार बहिणी आहेत. एक तरी कायम रुसलेली असते."

बुधवारी तिने टोमॅटो उकडलेच नाहीत. अर्धे कापून, वर तेल आणि लसूण घालून ओव्हनमध्ये कडा काळसर होईपर्यंत भाजले. कांदा लोण्यात मंद आचेवर इतका वेळ परतला, की तो स्वतःच गोड झाला. मीठ घातलं ते अगदी शेवटी. त्याने चव घ्यायला वाफेवर मान वाकवली आणि चष्मा पांढरा झाला. हात खळीने माखलेले. तो तसाच, आंधळ्यासारखा, चमचा धरून उभा राहिला.

"थांबा." तिने त्याच्या नाकावरून चष्मा काढला, ॲप्रनच्या कोपऱ्याने पुसला आणि परत लावला. एवढंच. पण लावताना त्याच्या कानाला तिची बोटं लागली, आणि ते कान बघता बघता टोमॅटोच्या वळणावर गेले.

"सूप कसं आहे?" तिने विचारलं.

"अं... कुठलं सूप?"

त्या दुपारी धाकटी उगाचच गुणगुणत भांडी घासत होती. मनातल्या मनात, अर्थात.

गुरुवारी मात्र गडबड झाली. सूपला दाटपणा यावा म्हणून ती रोज थोडा मैदा पाण्यात शिजवून घालायची. तो तयार करून तिने एका भांड्यात बाजूला ठेवला होता. शेजारी बाइंडरची खळ निवत होती. दोन्ही भांडी स्टीलची, दोन्हींत पांढरं आणि गुळगुळीत. तेवढ्यात कोणीतरी फाटका नकाशा घेऊन तळघराच्या दाराशी उभं आहे असा निरोप आला. बाइंडर एक भांडं उचलून धावत खाली गेला, आणि उरलेलं भांडं धाकटीने न बघता सूपमध्ये रिकामं केलं.

दीड वाजता पहिला वाचक दुसऱ्यांदा वाटी घेऊन आला. मग दुसरा, मग रांगच. सूप दाट होतं, तुकतुकीत होतं, आणि त्याला एक ऊबदार वास होता. तिचं तिलाच कळेना, हा वास कुठला? दोन वाजता खुद्द ग्रंथपाल बाई आल्या. त्यांनी पहिली वाटी उभ्याने संपवली, दुसरी बसून.

"शनिवारी समितीला हेच द्या," त्या म्हणाल्या. "अगदी हेच."

बाइंडर संध्याकाळी आला. त्याने एक चमचा तोंडात घेतला आणि तो थबकला. धाकटी त्याच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आनंदाचं.

"जमलं ना?"

"जमलं," तो म्हणाला आणि दुसरीकडे बघू लागला. "छान आहे."

छान आहे! हे दोन शब्द तिला जरा टोचलेच. बाकी जगाने म्हणावेत, त्याने नाही.

शुक्रवारी ते सूप काही पुन्हा उतरेना. टोमॅटो तसेच भाजले, कांदा तसाच परतला, साखर तेवढीच, पण तो वास गायब. तिने तमालपत्र टाकून पाहिलं, मिरी टाकून पाहिली, दालचिनी टाकली तर सूप खिरीच्या वाटेला लागलं. चौथं पातेलं ओतून देताना तिचा धीर सुटला. ती स्टुलावर बसली. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडली, झालं. कसलं आलंय हाताला कळणं.

दारात बाइंडर उभा होता. आज हातात भांडं नव्हतं, कागदाची छोटी पुडी होती. त्याने ती तिच्यासमोर उघडली. आत चार लवंगा.

"हे काय?"

"खळीत मी या उकळतो. पुस्तकांना कसर लागू नये म्हणून. मग काढून टाकतो." "काल मी खाली जे भांडं नेलं... त्याला लवंगेचा वास नव्हता."

धाकटीला समजायला दोन क्षण लागले.

"मी..." तिने तोंडावर हात ठेवला. "मी साठ माणसांना खळ पाजली?"

"ताजी होती. मैदा, पाणी आणि लवंगा, दुसरं काही नाही. लहानपणी मी वडिलांच्या भांड्यातली चाटायचो. बघा, उंचीही बरी आली."

तिला हसायचंही होतं आणि त्याला पळीने मारायचंही होतं. "आणि तुम्हाला कालच कळलं होतं? मी खरं मत मागितलं होतं तुमच्याकडे."

"हो." त्याने मान खाली घातली. "काल तुमचा चेहरा बघितला आणि... तोंडातून शब्दच फुटेना. तुमचा आनंद माझ्या हातून मोडावा असं वाटलं नाही. चुकलं माझं. आज सकाळपासून तीनदा जिना चढलो आणि उतरलो."

ती उठली, एक लवंग कांद्याच्या फोडीत खोचली आणि ती लोण्यात टाकली. वाफेबरोबर तो वास आला. तोच. बाइंडर हळूच निघून गेला, आणि ती त्याला थांब म्हणाली नाही. राग होताच. पण राग असूनही तिने ती पुडी नीट दुमडून ॲप्रनच्या खिशात ठेवली.

शनिवारी समितीसमोर सहा वाट्या मांडल्यावर धाकटी तिथेच उभी राहिली. गप्प राहिलं तर कँटीन वाचत होतं. पण काल ज्या गोष्टीसाठी ती एका माणसावर रागावली, तीच आज स्वतः कशी करणार?

"गुरुवारचं सूप चुकून झालं होतं," ती म्हणाली आणि सगळं सांगून टाकलं. भांडी, खळ, लवंगा. "आजचं मात्र मी केलंय. खळ नाही, लवंग आहे. आता तुम्ही ठरवा."

ग्रंथपाल बाईंनी वाटी नाकाजवळ नेली आणि डोळे मिटले.

"तरीच," त्या म्हणाल्या. "गुरुवारपासून डोकं खाजवतेय, हा वास ओळखीचा कसा? अहो, आपल्या नव्याने शिवलेल्या पुस्तकांचा वास आहे हा." त्यांनी समितीकडे पाहिलं. "त्या यंत्राच्या सूपला असा वास येईल का?"

सगळ्यांची तोंडं सूपने भरलेली होती.

धाकटी दोन वाट्या घेऊन तडक तळघरात उतरली. इथे ती कधी आलीच नव्हती. भिंतीला टेकलेले पुठ्ठे, दाबून ठेवलेली पुस्तकं, दोऱ्याची रिळं... आणि कोपऱ्यात लालबुंद तापलेली विजेची शेगडी. तिच्यावर खळ रटरटत होती.

"यंत्र येणार नाही," ती सवयीने कुजबुजली.

"इथे मोठ्याने बोललं तरी चालतं," तो म्हणाला, आणि तिच्या लक्षात आलं, आपण त्याचा खरा आवाज आत्ता पहिल्यांदा ऐकतोय. चांगला भरदार होता.

"शेगडी चालू दिसतेय," ती म्हणाली.

तो गडबडला. "हो... म्हणजे..."

"कधी दुरुस्त झाली?"

"मंगळवारी. सकाळी."

"मंगळवारी सकाळी? मग रोज ते भांडं घेऊन एवढा जिना कशासाठी चढत होता?"

"खरं मत देण्यासाठी."

"मग द्या की. खरं."

त्याने चष्मा काढून हातात घेतला. "तुमच्यासाठी. मला तुम्ही आवडता. पहिल्या दिवशीच्या त्या आंबट सूपपासून. वर हे सांगता येत नव्हतं. मी कुजबुजलो असतो, तुम्ही 'काय?' म्हणाला असतात, आणि माझी हिंमत एकदाच पुरण्याएवढी होती."

धाकटीने वाट्या टेबलावर ठेवल्या. मग शांतपणे जाऊन शेगडीचं बटण बंद केलं.

"ही शेगडी बिघडलीय," ती म्हणाली.

"अहो, चांगली चालतेय."

"बिघडलीय म्हटलं ना. सोमवारपासून खळ वर शिजवायची. माझ्या शेजारी. फक्त भांड्याला दोरा बांधून आणायचा." तिने त्याच्या हातातून चष्मा घेतला, पुसला आणि परत त्याच्या नाकावर ठेवला. या वेळी बोटं कानापाशी मुद्दाम रेंगाळली. "आणि मला 'तुम्ही' म्हणणं सोड. मलाही तू आवडतोस."

तो इतका खुळ्यासारखा बघत राहिला की तिला हसू आवरेना. दोन महिने दाबलेलं सगळं हसू एकदम बाहेर आलं. त्यात त्याचंही मिसळलं, आणि डोक्यावरच्या फरशीतून ठक, ठक असे दोन ठोके आले.

दोघांनी घाईघाईने आवाज खाली आणला. त्यासाठी मग एकमेकांच्या अगदी कानाशी यावं लागलं.