आठव्या तंबूची वाट

अस्कारी म्हणजे पहारेकरी, असे सफारीच्या पाहुण्यांना सांगितले जाते. अर्थ चुकीचा नाही, अपुरा आहे. पहारेकरी जागा राखतो; अस्कारी माणसाला सोबत करतो. अंधार पडल्यावर जेवणाच्या मंडपातून आपल्या तंबूपर्यंत पाहुण्याने एकट्याने पाऊल टाकायचे नसते. अस्कारी भाला आणि विजेरी घेऊन पुढे चालतो, पाहुणा मागे. उद्यापासून तुम्ही चौघे हेच काम करणार, म्हणून सांगतो. गोष्ट माझी नव्हे. माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलाची, सिरोंकाची आहे.

तलेक नदीकाठचा आठ तंबूंचा तळ. गेल्या ऑगस्टची बावीस तारीख, शुक्रवार. चंद्र नसलेली रात्र. आठव्या तंबूत ऑड्रीबाई नावाच्या एकट्या वृद्ध बाई उतरल्या होत्या. आदल्या वर्षीही त्या आल्या होत्या आणि तेव्हा त्यांना सोबत करणारा अस्कारी दुसरा होता. त्याचे नाव मी घेणार नाही. आपल्या मासाईंत गेलेल्याचे नाव घेत नाहीत. जूनमध्ये आठव्या तंबूच्याच वाटेवर रानम्हशीने त्याला मारले होते.

संध्याकाळी जेवायला येताना बाईंनी सिरोंकाला, गेल्या वर्षीचा अस्कारी कुठे आहे, असे विचारले. खरे सांगायचे तर ते नाव तोंडी आले असते. शिवाय पाहुण्यांना घाबरवू नका, अशी व्यवस्थापकाची ताकीद होती. सिरोंका म्हणाला, "तो घरी गेलाय, बाई."

बाई खूश झाल्या. म्हणजे परत येईलच, असे म्हणाल्या.

स्वयंपाकघरात गरम पाण्याची पिशवी भरताना सिरोंकाने हे मुतिंदाला सांगितले. मुतिंदा वाढपी, कांबा लोकांतला, जुलैत लागलेला. तो हसला. "सिंहाला भीत नाही म्हणे मासाई. आणि एका म्हातारीला खरं सांगताना दातखीळ बसते होय रे?"

पिशवी बाईंच्या अंथरुणात ठेवण्यासाठी सिरोंका आठव्या तंबूत गेला आणि लगेच परतला. सव्वाआठ झाले होते. मंडपात बाईंची खुर्ची रिकामी होती. वाटीतली खीर अर्धीच संपलेली.

"गेल्या त्या," मुतिंदा म्हणाला. "अस्कारी आला होता न्यायला."

त्या रात्री अस्कारी दोनच होते. दुसरा फाटकावर.

"कोण अस्कारी?"

"तुमच्यातलाच. उंच, लाल शुका पांघरलेला. बाईंनी हाक मारली की त्याला..." आणि मुतिंदाने ते नाव उच्चारले.

सिरोंकाने त्याच्या तोंडावर हात दाबला. जूनपासून त्या तळावर ते नाव कोणी घेतले नव्हते. बाईंकडून ऐकल्याशिवाय मुतिंदाला ते ठाऊक असण्याचा संभव नव्हता.

आठव्या तंबूकडे वाट एकच. सिरोंका आताच तिच्यावरून आला होता. कोणी भेटले नव्हते.

तो धावला. बाईंना काही झाले, तर ते आपल्या 'घरी गेलाय' या एका वाक्याने होईल, एवढेच त्याच्या मनात होते.

सहाव्या तंबूपुढे वाट वळते. तिथे त्याला उजेड दिसला. एकच विजेरी. उंच माणसाच्या हातात असावी तितक्या उंचीवर. संथ चालणारी. बाईंचा आवाज येत होता. त्या नातवाविषयी काही सांगत होत्या. मग थांबत होत्या. मग हसत होत्या. मधले उत्तर... ऐकू येत नव्हते.

त्याला कोणत्या नावाने थांबवणार?

"बाई," तो म्हणाला. "थांबा."

उजेड थांबला.

रातकिडे थांबले.

उजेड हळूहळू त्याच्याकडे वळला. डोळे दिपले. मागचे काही दिसेना...

"सिरोंका," बाई म्हणाल्या, अगदी सहज. "हा म्हणतो, तू पुढे येऊ नकोस."

उजेड विझला.

तो उभा राहिला. किती वेळ, ते त्याने मला कधी सांगितले नाही. पाय हलले तेव्हा आठव्या तंबूत दिवा लागला होता. बाई आत केस विंचरत होत्या. सुखरूप. त्यांचे म्हणणे इतकेच, की तो आता फारसा बोलत नाही, आणि पायरीशी त्याने त्यांना कोपराला धरून वर चढवले.

त्यांचा कोट खुर्चीवर होता. उजव्या कोपरावर चार बोटांचे डाग उमटले होते. सिरोंकाने वास घेतला. मेंढीची चरबी, गेलेल्याच्या अंगाला आपण चोळतो ती. ओली.

बाई तो कोट तळावरच सोडून गेल्या. धोबी सांगतो, तीनदा धुतला, डाग तसेच आहेत.

आता लोक ही गोष्ट सांगताना म्हणतात, की बाईंनी नाव घेतले म्हणून तो आला. आपण नाव घेतले नाही, तर भय नाही. हे खरे नव्हे. मी मुतिंदाला स्वतः विचारले आहे. बाई खीर खात होत्या, तेव्हाच मंडपाबाहेर विजेरी पेटलेली होती. ती पाहून त्या उठल्या, आणि ओळख पटल्यावर त्यांनी हाक मारली. तो कोणी न बोलावता आला होता.