पाळी नसताना आलेलं पाणी

"पाणी चोरीला गेलं असतं तर मी पोलिसांत गेले असते," नूतन पाटील म्हणाली. "आमच्याकडे उलटं झालंय, ताई. पाणी आलं. नको त्या वेळी, नको त्या गल्लीत आलं. आणि त्यापायी एका माणसाची भाकरी जातेय."

ज्योत्स्ना वाणींनी खुर्ची पुढे ओढली. जळगावातल्या त्यांच्या छोट्या कचेरीत बहुतेक लोक लग्नाच्या स्थळाची खरीखोटी माहिती काढायला येत. सरपंच पहिल्यांदाच आली होती. कोपऱ्यात त्यांचा मदतनीस योगराज कचोरी खात होता. तोही थांबला.

"सुरुवातीपासून सांगा. घाई नको."

नूतन धरणगाव तालुक्यातल्या सोनटेक गावची सरपंच. गावाला नळाचं पाणी आठवड्यातून एकदा, गल्लीगल्लीच्या पाळीने. खालच्या वस्तीत नळच नाहीत. तिथल्या बाया शेतातल्या विहिरीवरून हंडे वाहतात. यंदाचा निधी एकाच कामाला पुरणार होता. वस्तीला पाइपलाइन, की गावाच्या तोंडाशी कमान, हे ग्रामसभेने ठरवायचं होतं.

"बाया पाइपलाइनच्या बाजूनं होत्या. वरच्या गल्लीतल्यासुद्धा. मी घरोघर फिरले होते," नूतन म्हणाली. "पण सभेच्या वेळेलाच वरच्या गल्लीला पाणी सुटलं. त्यांची पाळी नव्हती. सगळ्या बाया नळावर पळाल्या. वस्तीतल्याही हंडे घेऊन तिथंच गेल्या. मग सभेला कोण येणार?"

"तुम्ही वेळेवर पोचलात?"

"कुठलं! सासूबाईंना नेमका त्याच सकाळी हौद घासायचा होता. होतं ते पाणी म्हशीला पाजलं, उरलेलं परसातल्या केळीला ओतलं आणि मला हौदात उतरवलं. म्हटलं, आज सभा आहे. तर म्हणतात, 'सरपंच बाहेर, घरमा सूनच शे तू.' मी ओल्या हातांनी धावत पोचले, तर उपसरपंच माझ्या खुर्चीत. कोरम नाही म्हणून सभा तहकूब केली, लगेच परत बसवली, आणि कमानीचा ठराव वाचूनही झाला."

"कोरम नाही तर ठराव कसा होईल?" योगराज म्हणाला.

"नीट ऐक, योगराज," ज्योत्स्नाताई म्हणाल्या. "पहिल्या सभेला ठरावीक माणसं लागतात. ती आली नाहीत तर सभा तहकूब होते. पण तीच सभा पुन्हा बसली, की कोरमची अट नाही. मूठभर टाळकी असली तरी ठराव पक्का."

योगराजने थोडा विचार केला. "म्हणजे बाया आल्या नाहीत तरच कमान होणार होती!"

"शाबास. म्हणून कोणीतरी बायांना पाणी दाखवलं."

"सगळे म्हणतात, रहीमनं," नूतन म्हणाली. "पाणी तोच सोडतो. चावी त्याच्याकडेच असते. उद्या मासिक सभेत त्याला कामावरून काढायचा ठराव आहे. ताई, त्यानं हे केलेलं नाही. पण माझं कोण ऐकतं?"

सोनटेकच्या वेशीवर कमानीच्या खांबांसाठी खड्डे खणून झाले होते. खडीचे ढीगही पडले होते.

"पाइपलाइनला किती वर्षं लागली असती?" योगराजने विचारलं.

ज्योत्स्नाताईंनी त्याला गाडी टाकीकडे घ्यायला सांगितली.

रहीम टाकीच्या टेकडीवर उभा होता. हातात कमरेएवढी लोखंडी दांडी, वर आडवी मूठ, खाली चौकोनी तोंड. हीच व्हॉल्व्हची चावी. तोंडाशी नवं वेल्डिंग काळं दिसत होतं.

"तोंड झिजलं होतं, ताई. व्हॉल्व्हवर नुसतंच फिरायचं. त्या दिवशी ग्रामसेवक भाऊसाहेबांनी पाण्यात टाकायची टीसीएल पावडर आणायला धरणगावला पाठवलं. म्हटलं, चावी सोबत नेऊन तिचंही काम करून घेऊ. परत आलो तर गावात पाणी! मला वाटलं, पाइपच फुटला. धावत येऊन व्हॉल्व्ह बंद केला."

"वेल्डिंग कोणी केलं?"

रहीमने मान खाली घातली. "हसीबनं. माझा साडू. म्हणून तर त्याची साक्ष कोणी मानत नाही."

"त्यानंतर वरच्या गल्लीच्या व्हॉल्व्हचं हे चेंबर कोणी उघडलंय का?"

"नाही. भाऊसाहेबांनी त्याच दिवशी कुलूप लावलं."

कुलूप काढून घेतल्यावर ज्योत्स्नाताई गुडघ्यांवर बसल्या. टेकडी सगळी पांढऱ्या मुरमाची. पण व्हॉल्व्हच्या शेंड्याशेजारी काळ्या मातीचं सुपारीएवढं ढेकूळ पडलं होतं. त्याच्या कडा साच्यातून काढल्यासारख्या चौकोनी होत्या आणि त्यात कडब्याची काडी अडकली होती. ताईंनी ते रुमालात बांधलं.

"माती कशाला घेताय?" योगराज म्हणाला.

"वास घेऊन बघ."

"शेण!" त्याने नाक मुरडलं.

ग्रामपंचायतीत भाऊसाहेब, म्हणजे ग्रामसेवक हितेंद्र, कागद लावत बसले होते. उपसरपंच जीवराम समोरच होता.

"रहीमला मीच पाठवलं," भाऊसाहेब म्हणाले. "पावडर संपली होती. माझ्या लक्षात नव्हतं, शालिग्राम आबांनी आठवण केली. जुने सरपंच आहेत, नूतनताईंचे सासरे. गावाची त्यांना काळजी."

"माझ्यावर संशय असेल तर स्पष्ट बोला," जीवराम म्हणाला. "कमानीला खडी मीच पुरवणार, लपवत नाही. पण मी सभेत बसलो होतो. चहासुद्धा जागेवर घेतला."

"खरंय," भाऊसाहेब म्हणाले.

"बाकी कोण होतं?"

"आमचीच माणसं. आबा जरा उशिरा आले, घाम पुसत. म्हैस सुटली होती म्हणे."

"कमानीवर नाव कोणाचं येणार?"

"आबांच्या वडिलांचं. आणखी कोणाचं?"

बाहेर आल्यावर योगराज कुजबुजला, "ताई, जीवरामच. त्यानं माणूस पाठवला असणार."

"पाठवला असेल. पण त्या माणसानं व्हॉल्व्ह कशानं उघडला? दातांनी?"

शालिग्राम आबांचं अंगण मोठं होतं. आबा खाटेवर बसले होते. मुलगा, नूतनचा नवरा, सुरतला नोकरीला. म्हैस कडुलिंबाच्या खोडाला आखूड दाव्यानं बांधलेली होती. तिचं तोंड गव्हाणीपर्यंत पोचत नव्हतं आणि ती सारखी हंबरत होती. तिच्याकडे बघत चालताना गव्हाणीशेजारच्या खड्ड्यात योगराजचा पाय गेला.

"आई गं! इथला खुंटा कुठं गेला, अक्का?"

सासू झुंबरबाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या होत्या. त्यांनी आधी आबांकडे पाहिलं. "मोडी गया," त्या म्हणाल्या.

"जुना व्हता," आबा म्हणाले. "शहरना मानूस खाले देखीसन चालत नई का?"

योगराज घोटा चोळत हसला. ज्योत्स्नाताई वाकून खड्डा बघत होत्या. काळी माती, शेण, कडब्याचा चुरा. मग त्यांनी काठोकाठ भरलेल्या हौदाकडे पाहिलं.

"आबा, माझं काम झालं. मंडळींना इथंच बोलावलं तर चालेल? तुमचा मान मोठा आहे."

"बलाव ना," आबा म्हणाले. "बठ्ठास्ले बलाव."

दुपारी सगळे अंगणात जमले. रहीम पायरीपाशी उभा राहिला, बसला नाही. कुंपणावरून वरच्या गल्लीतल्या बाया डोकावत होत्या.

"मी सोपे प्रश्न विचारणार आहे," ज्योत्स्नाताई म्हणाल्या. "नूतनताई, तुमच्याकडे साठवलेलं पाणी कधी ओतून देतात?"

"ओतून? पाळीच्या दिवशी. नवं येणार असेल तरच शिळं काढतात. एरवी कोण ओतेल?"

"मग सभेच्या सकाळी तुमची पाळी होती का?"

"नव्हती," नूतन म्हणाली. तिने सासूकडे पाहिलं.

"साऱ्या गावात एकाच घराला ठाऊक होतं, की आज पाणी येणार," ताई म्हणाल्या. "म्हणून हौद रिकामा झाला. शिवाय सरपंच हौदात अडकल्या आणि खुर्ची जीवरामभाऊंना मिळाली. योगराज, दुसरा प्रश्न. व्हॉल्व्ह कशानं उघडतात?"

"चावीनं. पण चावी तर एकच आहे."

"आता एकच आहे. भाऊसाहेब, नवी नळयोजना होते तेव्हा ठेकेदार किती चाव्या देतो?"

"दोन," भाऊसाहेब हळूच म्हणाले. "एक कामाची, एक जादा."

"योजना आबांच्या सरपंचकीत झाली. जादा चावी घरी आली आणि घरातच राहिली. लोखंडी दांडी, वर आडवी मूठ. दावं सरकत नाही असा झकास खुंटा! तोंड खाली करून गव्हाणीपाशी ठोकला. वर्षानुवर्षं म्हैस सरकारी चावीला बांधलेली होती आणि आल्यागेल्या सगळ्यांनी ती पाहिली होती."

त्यांनी रुमाल सोडला. "चावीच्या पोकळ तोंडात गोठ्याची माती घट्ट बसली होती. व्हॉल्व्हवर चावी बसवताना ती ढेकूळ होऊन बाहेर पडली. टेकडीवर मुरूम आहे. शेण आणि कडबा इथं आहे. रहीमभाऊंची चावी गोठ्यात कधीच नव्हती. आणि खुंटा उपटल्यावर म्हैस सुटणारच. त्यामुळेच आबांना सभेला उशीर झाला."

"पण आबांनी खुंटा परत का ठोकला नाही?" योगराजने विचारलं.

"रहीमच्या चावीवरून ओरड सुरू झाली. मग चावीसारखा खुंटा अंगणात कसा ठेवणार? भ्यायलेला माणूस वस्तू लपवतो, पण तिची रिकामी जागा लपवायला विसरतो."

"गोष्ट चांगली शे," आबा म्हणाले. "चावी कथी शे? दखाड."

झुंबरबाई उठल्या. गोठ्यामागच्या कडब्याच्या गंजीत त्यांनी कोपरापर्यंत हात घातला आणि लोखंडी दांडी ओढून अंगणात टाकली. फरशीवर ती मोठ्याने वाजली.

"माले हौद घास म्हने, मी घासा," त्या म्हणाल्या. "सूनले उतार म्हने, उतारी. पन त्या रहीमनी काय करेल व्हतं?"

आबांनी बायकोकडे पाहिलंही नाही. ते सुनेकडे वळले.

"बरं. मी पानी सोडं. चोरी करी का? गावले पानीच पाजं ना? आरक्षण उनं म्हनीसन तुले बसाडं, नूतन. सही तुनी, गाव मनं. तू घरोघर फिराले लागनी, बायास्ले शिकाडाले लागनी. कोनी सांगेल व्हतं?"

"वस्तीनं सांगितलं होतं," नूतन म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "भाऊसाहेब, ठराव रद्द करा."

भाऊसाहेबांनी चष्मा पुसला. "रहीमचा विषय उद्या येणार नाही, एवढं मी बघतो. पण कमानीचा ठराव नियमात बसतोय, ताई. तुम्ही लेखी तक्रार द्या. वर जाईल, चौकशी लागेल. तोवर काम थांबवायचा अधिकार मला नाही."

जीवराम खाकरला आणि मोबाइल काढून बघायला लागला.

"मी देते तक्रार. आत्ता."

"सासरानं नाव लिखशी?" आबा म्हणाले. "मंग या घरमा ऱ्हावानं नई."

नूतनने कागद मागितला. पायरीवर बसून तिने तो लिहिला आणि सही केली. सही कुठे करायची ती जागा पहिल्यांदाच तिला कोणी बोटाने दाखवली नव्हती.

रहीम कुंपणाकडे बघत होता. "काकी," तो एका म्हातारीला म्हणाला, "पाळी तुमची नव्हती, हे तुम्हाला ठाऊक होतं. मी धरणगावच्या रस्त्याला लागलो तेव्हा तुमच्या दारावरूनच गेलो. हातही केला होता मी. एवढं सांगायचं होतं ना कोणीतरी."

बाया एकमेकींकडे बघू लागल्या.

"पानी उनं, आम्हीन भरं, भाऊ," म्हातारी म्हणाली. "पानीले कोनी इचारस का, कसं उनं?"

रहीमने आपली चावी उचलली. दुसरी तशीच पडून राहिली. पायरी उतरताना त्याने नूतनला हात जोडले, बाकी कोणाला नाही.

परतताना योगराज गाडी हळू चालवत होता. "ताई, आपण जिंकलो ना? रहीमचं काम वाचलं."

"त्याचं काम वाचलं," ज्योत्स्नाताई म्हणाल्या. "त्याच्या कामानं ज्यांच्या घरी पाणी जायला हवं होतं, तिथं नळच नाही."

वेशीवर रस्ता अडला होता. काँक्रीट कालवायला भला मोठा टँकर आला होता आणि त्याच्या तोटीखाली खालच्या वस्तीतल्या बाया हंडे घेऊन उभ्या होत्या. मुकादम हात हलवत त्यांना हाकलत होता.

"हटा, हटा! हाई कमाननं पानी शे. पेवानं नई!"

एका बाईने तरीही हंडा पुढे केला. मुकादमाने तोटी बंद केली.