एका दिवसाचं बेट

बाबांनी भाकरीचा तुकडा वरणात बुडवला आणि विचारलं, "उत्तरा, बेट पाहाले एक दिवस पुरते काय वं?"

चौऱ्याहत्तर सालची दिवाळीची सुट्टी जवळ आली होती. आई ज्येष्ठात गेली, तेव्हापासून बाबा बोलत ते 'हो', 'नाही' आणि 'ठेव तिथं' एवढंच. ते गिरणीतून निवृत्त झालेले, मी मुलींच्या शाळेत भूगोल शिकवणारी. नागपुरात इंदोऱ्याच्या दोन खोल्यांत आता आम्ही दोघंच उरलो होतो. बाबा खंगत चालले होते. सदरा खुंटीवर असावा तसा त्यांच्या अंगावर लोंबायचा. त्यामुळे त्यांच्या तोंडून असं सबंध वाक्य ऐकून घास माझ्या हातातच राहिला.

"पुरेल की," मी घाईने म्हणाले. "घारापुरीला लोक सकाळी जाऊन संध्याकाळी परत येतात."

"तुझी आई म्हणते, जाऊ एक दिवस."

"म्हणायची, बाबा."

"म्हणते," बाबा म्हणाले आणि आणखी वरण मागितलं.

आईने समुद्र कधी पाहिला नव्हता. मनातली इच्छा तिने कधी त्यांच्यापाशी बोलून दाखवली असेल, असं मी धरून चालले. त्यांना त्या घरातून, त्या दुःखातून बाहेर काढायला माझ्या हातात दुसरं काही नव्हतंच. आमच्या शाळेतल्या प्रेमिलाबाई मुंबईच्या. लाँच कुठून सुटते, पायऱ्या किती चढाव्या लागतात, सगळं त्यांनी नीट समजावून सांगितलं. मी रेल्वेचं रिझर्वेशन केलं आणि वाचनालयातून लेण्यांचं एक सचित्र पुस्तक आणलं.

बाबा मन लावून ऐकत. मधूनमधून स्वतःही सांगत.

"आत गार राहते म्हणते. भर दुपारीही उजेड नाही. खांबाले खांब लागून."

"लेणीच आहेत ना ती."

मी पुस्तकातलं चित्र दाखवलं. त्यांनी ते खिडकीपाशी नेऊन निरखलं. "खांब लय जाड काढले वं यानं."

"आणि लाँच नऊची धरू."

"लाँच कायले? पाऊलवाट हाय."

"समुद्रातून?"

"नाला हाय. तोही आटला."

मी हसले. बाबाही हसले. किती दिवसांनी हसले होते! वय झालं, बोलण्यात सरमिसळ होते, असं म्हणून मी ते सोडून दिलं.

घरात एक आवाज येऊ लागला होता. लांब, कोरड्या वस्तू वाऱ्याने एकमेकींवर घासाव्यात तसा. वारा नसतानाही येई. मी दाराच्या बिजागऱ्यांना तेल घातलं, बाबांच्या खाटेची दावण आवळून घेतली. आवाज थांबला नाही. मग बाबांच्या वाकळेच्या घडीत पानं सापडू लागली. अरुंद, टोकदार, वाळलेली. त्यांच्यासोबत तुसासकट बारीक दाणे, धानासारखे. आमच्या गल्लीत झाड म्हणून नव्हतं.

"बाबा, हे कुठून येतंय?"

"तुझ्या आईच्या पदराले लागून आलं असन."

पेपरातली बातमी वाचावी तसं ते म्हणाले. छप्पन साली दीक्षा घेऊन आल्यावर घरातले देव कन्हानच्या पाण्यात सोडणारा हा माणूस. भुताखेतांची गोष्ट सांगणाऱ्याला त्यांनी कधी उंबऱ्याच्या आत घेतलं नव्हतं.

"आत्मा नसतो, हे तुम्हीच मला शिकवलंत," मी म्हणाले.

"नाहीच राहत. आत्मा कुठून येईन? तुझी आई येते."

मी दाणे झाडून उकिरड्यावर टाकून आले.

दुसऱ्या दिवशी रुपरावमामा आला. आईचा धाकटा भाऊ. पारशिवनीच्या पुढे त्याने अलीकडेच जमीन घेतली होती. तिथेच आई पाहुणी म्हणून गेली आणि उन्हाच्या तडाख्याने गेली. उन्हामुळे मातीही त्याच दिवशी दिली. बाबा पोचले, पण माझ्या हाती तार पडली तेव्हा सगळं आटोपलं होतं. तिच्या पुण्यानुमोदनाचा विधी नागपुरातच झाला, त्यामुळे ती जागा मी पाहिलीच नव्हती.

मामाने शिंगाड्यांची थैली ठेवली. "जयभीम, दाजी! मुंबईले चालले म्हणे? तिकडंच ठेवून घेतीन तुमाले, सिनेमात."

"बेट पाहाले चाललो," बाबा म्हणाले.

"त्याच्यासाठी मुंबईले कायले जाता? पाहाचं असन त लवकर पाहा. फुललं यंदा. आता समदं वाळते."

"कोणतं बेट, मामा?"

"वेळवाचं बेट, दुसरं कोणतं? बाईले ज्याच्या बुडाशी ठेवलं, थे. मास्तरीण झाली अन् बेट मालूम नाही तुले?"

चारही बाजूंनी पाण्याने वेढलेल्या भूभागाला बेट म्हणतात, हे मी दर वर्षी मुलींकडून पाठ करून घेते. बांबू एका जागी दाटीने उगवतात त्यालाही बेटच म्हणतात, हे मला माहीत नव्हतं असं नाही. सुचलं नाही.

"तिले काय सांगता," बाबा मामाला म्हणाले. "तिचं बेट पाण्यात राहते."

मी रिझर्वेशन रद्द केलं. ठरवलं, बाबांना तिथे नेऊ. कबरीपाशी माणूस एकदा पोटभर रडला की मोकळा होतो, असं मी कितीतरी ठिकाणी वाचलं होतं. दिवसाउजेडी जायचं आणि संध्याकाळच्या गाडीने त्यांना घरी आणायचं.

एस.टी. पारशिवनीला पोचली तेव्हा ऊन चढलं होतं. पुढे पायी, मामासोबत. बाबा आमच्या पुढे चालत होते. एकदाही बसले नाहीत, पाणी मागितलं नाही. आटलेला नाला ओलांडला आणि बेट दिसलं.

पिवळं पडलेलं, शेंड्यांवर तपकिरी तुरे. खाली दाण्यांचा थर. वारा नव्हता, तरी बांबू एकमेकांवर घासत होते. तो आवाज मी ओळखला.

बुडाशी आईचे दगड होते. मामाने त्यांच्यावर पाणी शिंपडलं. बाबांनी तिकडे पाहिलंही नाही. घराच्या दारात काढाव्यात तशा त्यांनी चपला काढल्या.

"येतो वं," म्हणाले आणि आत गेले.

मी धावले. बांबूंच्या मध्ये माझा हातही जाईना. ते आत जाताना मी पाहिलं होतं. कुठून गेले, ते मला दाखवता येईना.

आतून खोकल्याचा आवाज आला. मग खाली बसताना ते नेहमी सोडत तसा सुस्कारा.

"बाबा!"

मी दोन्ही हातांनी बांबू ओढू लागले.

मामा पळत जाऊन वावरातली माणसं घेऊन आला. कुऱ्हाडी चालू लागल्या. "जपून," मी ओरडत होते, "आत माणूस आहे." आवाज अगदी जवळून येत होता. बाबा कुणाशीतरी बोलत होते. गिरणीतून आल्यावर बोलत तसं, सावकाश. शब्द कळत नव्हते.

ऊन उतरेपर्यंत सगळं बेट तोडून झालं.

खुंटांमधून पलीकडचा नाला दिसत होता. नाल्यात एक शेळी चरत होती.

आत कुणी नव्हतं.

माणसांनी कुऱ्हाडी खाली ठेवल्या. कुणी कुणाकडे पाहत नव्हतं.

तेव्हा त्या मोकळ्या जागेतून, बसलेल्या माणसाच्या उंचीवरून, बाबांचा आवाज आला. स्पष्ट.

"उत्तरा आली काय वं?"

मामाने माझं मनगट धरलं.

"मी इथेच आहे, बाबा," मी म्हणाले. पुन्हा म्हणाले, मोठ्याने.

शेळीने मान वर करून पाहिलं.

"नाही आजून," आई म्हणाली. "येईन थे. तुमी बसा."