लायलची रायफल

कारखान्यातून आलेल्या रायफलीवर हॅल्वर टँगेनचा विश्वास नव्हता, पण रागही नव्हता. कारखाना गाभा चांगला देतो, बाकी सगळं घाईत उरकतो, असं तो म्हणायचा. गाभा म्हणजे गोळी आत ढकलणारा बोल्ट ज्यात मागेपुढे सरकतो ते पोलादी घर. तेवढं ठेवायचं, लेथवर सरळ करून घ्यायचं, नवी नळी बसवायची, अक्रोडाचा दस्ता कोरायचा. मात्र एकही स्क्रू सोडवण्याआधी रायफल आली तशी झाडून बघायची. काय बिघडलंय ते माहीत नसेल तर काय सुधारलं ते कसं कळणार?

टँगेनांच्या घरात सासरा जावयाला लग्नात रायफल बनवून देई. हॅल्वरलाही तशीच मिळाली होती. त्यामुळे त्याच्या मुलीचं, मॅरिटचं, लग्न ठरल्यावर होणारा जावई वेड ऑस्टबी ब्लँकेटात गुंडाळलेली रायफल घेऊन आला, मागोमाग मॅरिट आली, यात नवल नव्हतं.

"यावरच बनवा," वेड म्हणाला. "लायलची आहे."

लायल त्याचा थोरला भाऊ. गेल्या शरदात एल्क हरणाच्या शिकारीला मॅरिट धरून तिघं गेले होते. समोरच्या उतारावरून आलेली गोळी लायलला लागली. कुणाची, ते शेरीफला कळलं नाही. वेड तंबूत बटाटे परतत होता, मॅरिट गाडीत हीटर लावून बसली होती. लायलच्या रायफलीत गोळी भरलेली होती, झाडलेली नव्हती.

त्याच्या आदल्या वर्षी मॅरिट लायलबरोबर नाचायला जायची. मग ते थांबलं आणि ती वेडबरोबर जाऊ लागली. हॅल्वरनं विचारलं नव्हतं. आई नसलेल्या मुलीला बापानं काय विचारायचं, हे त्याला कधी नीट समजलंच नाही.

वर्कशॉपमागच्या कुरणात शंभर यार्डांवर निशाणाचा कागद लावायची त्याची लाकडी चौकट होती. त्यानं रायफल वाळूच्या पिशव्यांवर ठेवली, वाळू कुरकुरली. डावीकडे लाकडांच्या ढिगाऱ्यापाशी दोघं उभे राहिले. त्यानं तीन गोळ्या झाडल्या.

कागदावर तिन्हींचं मिळून एकच भोक पडलं होतं. मध्यापासून वीतभर डावीकडे.

"वाईट आहे का?" वेडनं विचारलं.

"फार चांगलं आहे. कारखान्याची रायफल इतकी चांगली झाडत नाही. फक्त जागा चुकलीय."

"चष्मा बदला, म्हातारबुवा."

मॅरिट हसली नाही. तिनं थर्मासचं झाकण घट्ट केलं, होतं त्याहून घट्ट.

संध्याकाळी, ते गेल्यावर, हॅल्वरनं रायफलीवरच्या दुर्बिणीला हात न लावता पुन्हा झाडून बघितलं. तिन्ही गोळ्या मधोमध. त्याला बरं वाटलं नाही. एकदा चुकणारी आणि एकदा न चुकणारी रायफल ही कायम चुकणारीपेक्षा वाईट.

नळी तापून वाकत असेल, असं ठरवून त्यानं नवी बसवली. वेड एकटाच बघायला आला, पाठीमागे उभा राहिला. गोळ्या मधोमध लागल्या.

"सापडलं," हॅल्वर म्हणाला. "नळीच खोटी होती."

पुढच्या शनिवारी दोघं आले. ढिगारा ओला होता म्हणून उजवीकडे कुंपणाशी उभे राहिले. गोळ्या वीतभर उजवीकडे लागल्या. वाऱ्याचा अंदाज घ्यायला बांधलेल्या फिती काठ्यांवर मेल्यासारख्या लोंबत होत्या.

त्यानं दस्ता बदलला, दुर्बीण बदलली, चाप बदलला. कारखान्याचा गाभा आणि बोल्ट सोडून लायलचं काही उरलं नाही. तरीही ती दोघं डावीकडे असली की डावीकडे, उजवीकडे असली की उजवीकडे. आपले हात म्हातारे झाले, असं त्यानं स्वतःला बजावून बघितलं. पण म्हाताऱ्या हातांनी गोळ्या विखुरतात, एका भोकात जात नाहीत.

मग तो वेडकडे बघू लागला. लायलचं नाव निघालं की वेड डोळे खाली घालायचा. नवी नळी बसवली त्या दिवशी तो बरोबर पाठीमागे होता, म्हणून गोळी कुठे वळली नाही. हॅल्वरला हे पटलं. पटायला हवंच होतं.

जेवताना त्यानं विचारलं, "बटाटे कुठे परतत होतास तू?"

"तंबूत."

"तंबूतून तो उतार दिसतो?"

"हॅल्वर, हे सगळं शेरीफनं विचारून झालंय."

"मी विचारतोय."

"बाबा," मॅरिट म्हणाली, "जेवा."

मुलगी याच्या घरात द्यायची नाही, एवढं त्यानं त्या रात्री ठरवलं. पण मुलीला काय सांगणार? रायफल म्हणते म्हणून? त्याला खात्री हवी होती.

रविवारी चर्चहून परतल्यावर दोघांना त्यानं कागद बदलायला पाठवलं. माणूस पुढे गेलं की बोल्ट काढून टेबलावर ठेवायचा, हा नियम. त्यानं बोल्ट काढला. रायफल रिकामी, पिशव्यांवर पडलेली. बोल्ट काढल्यावर मागून नळीत बघता येतं. नळी कुठे रोखलीय ते असंच तपासतात.

त्यानं हात पाठीमागे घेतले आणि वाकून डोळा लावला.

लहानशा गोल उजेडात दोघांच्या पाठी दिसल्या. वेडची नारिंगी टोपी, शेजारी मॅरिटचा निळा कोट, तिच्या आईचा. दोघं चौकटीकडे चालत होते. चौकट गोलाबाहेर, डावीकडे होती.

उजेडाचा गोल त्यांच्याबरोबर चालला होता.

वाळू कुरकुरली.

हॅल्वरनं श्वास धरला. आता दोघं वेगळे व्हायला हवेत, एवढंच. "वेड," त्यानं हाक मारली, "उजवीकडची फीत सुटलीय. बघ जरा."

वेड उजवीकडे वळला. आता टोपी मधोमध राहील आणि निळा कोट बाजूला जाईल. मग मॅरिटला सांगता येईल. मग सगळं सांगता येईल.

नारिंगी टोपी गोलाच्या कडेला गेली.

मग दिसेनाशी झाली.

गोलात निळा कोट होता, पाठीच्या शिवणीपर्यंत स्पष्ट. मॅरिट चौकटीपाशी थांबली, जुना कागद काढला, बाजूला दोन पावलं सरकून पडलेला खिळा उचलला, नवा कागद ठोकला. कोट मधोमधच राहिला.

हॅल्वर ताठ झाला. त्याला आठवलं, शरदातल्या त्या शिकारीपासून मॅरिटनं स्वतःची रायफल घरात ठेवली नव्हती. विकली, म्हणाली होती. कुणाला, ते त्यानं विचारलं नव्हतं.

"सरळ आहे का, बाबा?" तिकडून तिनं विचारलं.

"सरळ आहे," तो म्हणाला.

त्यानं बोल्ट खिशात टाकला आणि खिसा मुठीत धरला. मॅरिट कागदाची घडी करत परत येत होती, ढिगाऱ्याला वळसा घालून, त्याच्याकडे. त्यानं रायफलीकडे बघितलं नाही. पिशव्यांमधली वाळू हळूहळू सरकत असलेली त्याला ऐकू येत होती.