धुक्यातला मुलूख

सन एकोणीसशे एकोणऐंशी, जानेवारीचा शेवटचा आठवडा. थंडी हाडात उतरलेली, आणि तीन दिवस धुकं उठलं नव्हतं. थोरल्याने सकाळी गिरणीच्या फाटकात कापडाचे गठ्ठे भरून घेतले, दोर आवळले आणि शेजारच्या रिकाम्या सीटकडे न बघता मालट्रक चालू केला. रोजचंच काम होतं. दुपारी गोदामात माल उतरवायचा आणि परत यायचं.

शेजारची सीट धाकट्याची. दोघे सख्खे भाऊ, आळीपाळीने एकच गाडी चालवायचे. एक स्टिअरिंगच्या चाकावर, दुसरा सीटमागच्या फळीवर झोपलेला. बापाने त्यांना एक नियम घालून दिला होता. फळीवरून उठणाऱ्याने आधी बाहेर बघायचं आणि गाडी कुठल्या मुलखात आहे ते सांगायचं. गावांच्या पाट्या वाचायच्या नाहीत, त्या कोणीही वाचतो. अंतराच्या दगडाची टोपी कुठल्या रंगाची, विजेचे खांब लाकडी की लोखंडी, झाडांच्या बुंध्यांना चुना किती उंच मारलाय, ओढ्यावरच्या मोरीचा कठडा कसा बांधलाय, एवढ्यावरून ओळखायचं. ओळखलं तर चाक मिळणार. चुकला तर माणूस अजून झोपेत आहे असं धरायचं आणि चाक द्यायचं नाही.

थोरला कधी चुकला नाही. धाकटा मुद्दाम चुकायचा. कोरड्याठाक माळावर डोळे चोळत, "दादा, समुद्र आला बघ," म्हणायचा आणि तोंडावर कांबळं ओढून पुन्हा घोरायला लागायचा. थोरला त्याच्या सात पिढ्या काढायचा. त्या आपल्याही आहेत हे त्याच्या नंतर ध्यानात यायचं. पण गाडी तोच चालवत राहायचा.

तीन हिवाळ्यांपूर्वी थोरला तापाने फणफणला. लांबची खेप त्याच्या वाट्याची होती. धाकटा काही न बोलता चाव्या उचलून एकटा गेला. माल पोचल्याची तार आली. परतताना धाकटा गाडीसकट नाहीसा झाला.

थोरला अंगातला ताप उतरायच्या आत ठाण्यावर गेला. तिथला हवालदार भला माणूस होता. तो म्हणाला, रस्ता पाच मुलखांतून जातो, त्यातला एक सांगा, तिथल्या ठाण्याला लगेच कळवतो. थोरल्याला सांगता येईना. आयुष्यभर ज्याने डोळे उघडताच मुलूख ओळखला, तो बाकावर मान खाली घालून बसला. पुढे दुसऱ्याची गाडी चालवायला घेतली आणि तो सगळा वाहता रस्ता त्याने दोनदा पालथा घातला. काही हाती लागलं नाही.

घरात भावजय होती, धाकट्याची बायको. ती रडली नाही, कुणाला दोष दिला नाही. दारात पावलं वाजली की हातातलं काम थांबवायची, एवढंच. एकदा जेवण वाढताना ती म्हणाली, "दादा, गेले असतील तर तसं सांगा. मी ऐकून घेईन. पण कुठं, ते सांगा."

थोरला अर्ध्या ताटावरून उठला. धाकट्याची एक खेप तो देणं लागत होता, आणि ती फेडायची कुठल्या रस्त्यावर, हेच त्याला ठाऊक नव्हतं.

तर त्या सकाळी गाडी धुक्यात शिरली. पुढच्या चाकांपलीकडे काही दिसत नव्हतं. दिवे लावले की पांढरी भिंत आणखी जवळ यायची. वायपर कुरकुरत होता. कडेची झाडं पाणी गाळत होती. हा रस्ता थोरल्याच्या तळहातावरचा. दगडांना काळी टोपी, खांब लोखंडी.

जरा वेळाने केबिनमध्ये वास आला. ओल्या लोकरीचा, आणि त्याखाली गंजाचा. थोरल्याने खिडकीची काच खाली केली. वास कमी झाला नाही.

मग मागची फळी करकरली. माल हलला असेल म्हणून त्याने वेग कमी केला. फळी पुन्हा करकरली... कोणी कूस बदलावी तशी. पाठोपाठ एक लांब जांभई आली.

थोरल्याने मागे पाहिलं नाही.

"दादा..." आवाज झोपेतला होता. "दादा, मला ओळखता येत नाही रे. किती वेळ बघतोय... तू सांग ना, कुठं आलोय."

आजवर त्या आवाजात नेहमी थट्टा असायची. आता नव्हती. वाट चुकलेलं मूल विचारतं तसं तो विचारत होता.

थोरल्याने बाहेर पाहिलं. धुक्यातून एक दगड पुढे आला आणि मागे गेला. टोपी पिवळी होती. पिवळी टोपी या मुलखात नाही. मग खांब आला. लाकडी, डांबर फासलेला, बुडाला रुळाच्या तुकड्याचा टेकू दिलेला. मग झाडं, बुंध्यांवर चुन्याचे दोन पट्टे, मध्ये गेरूचा एक. शेवटी मोरी आली. कठडा काळ्या दगडाचा, त्याला गोल भोकं. एका जागी कठडा नव्हताच.

थोरला सरळ आवाजात बोलला. "खाणींचा मुलूख. जुना घाट. नवा रस्ता झाल्यावर टाकून दिलेला."

मागून पुन्हा आवाज आला.

"म्हणजे... घर लांब आहे."

"लांब आहे. तू झोप. चाक माझ्याकडे आहे."

फळी एकदा वाजली आणि गप्प झाली. पुढचा दगड आला तो काळ्या टोपीचा.

त्याने गोदामात माल उतरवला, मालकाकडून गाडी मागून घेतली आणि तसाच खाणींच्या मुलखाकडे निघाला. घाटाच्या पायथ्याशी रस्त्याच्या कामावरचा मुकादम भेटला. जुन्या घाटात आता कोण मरायला जातंय, असं तो हसत म्हणाला. थोरला म्हणाला, "माझा भाऊ." मुकादमाचं हसू मावळलं. त्याने माणसं बोलावली, दोर खांद्यावर टाकला आणि पुढे चालू लागला.

पिवळ्या टोपीचे दगड, लाकडी खांब, सगळं जिथल्या तिथं होतं. मोरीचा कठडा तुटला होता. खाली काटेरी झाडीत गाडी पडली होती, वेलींनी झाकलेली. मुकादम आधी उतरला. वर आला तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"तुमचा भाऊ मागच्या फळीवर आहे," तो म्हणाला. "झोपलेला. कांबळं तोंडापर्यंत ओढलेलं."

थोरल्याने खाली झाडीकडे बघितलं.

"गाडी तिसऱ्या गिअरमध्ये आहे, बाबा." मुकादमाने आवाज खाली आणला. "मग चाकावर कोण होतं?"

थोरल्याने दोर कमरेला बांधला आणि तो खाली उतरला.

ठाण्याचे सोपस्कार उरकल्यावर त्याने हाडांची पेटी आपल्या गाडीच्या फळीवर ठेवली आणि खाली तेच कांबळं अंथरलं. रस्ताभर तो एकटाच चाकावर होता. मुलूख बदलला की तो मोठ्याने सांगायचा. आता खांब लोखंडी झाले. आता टोप्या काळ्या. आता आपली गल्ली.

भावजय दारात उभी होती. तिने कुठं ते विचारलं. त्याने सांगितलं. वेदना झाल्या असतील का, असं ती म्हणाली. थोरला म्हणाला, "झोपेत गेला."

तिने मान हलवली. मग गाडीला वळसा घालून गेली आणि पलीकडचं दार उघडलं. पेटी अजून फळीवरच होती. तिकडे तिने पाहिलं नाही. दार धरून ती बाजूला सरली आणि एक माणूस उतरायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ थांबली. मग हलक्या हाताने दार लावलं आणि कोणाच्या तरी मागे चालावं तशी घरात गेली.

थोरल्याने इंजिन बंद केलं. खेप फिटली होती.