उकळता काढा आणि एकच बादली

पाच लिटर उकळता काढा झटपट निववायचा, आणि पाणी मिळणार फक्त एक बादली. जमेल? पद्मजाला तर घामच फुटला होता.

साल होतं दोन हजार एकाहत्तर. घरोघरी पाणी मोजायला यंत्रमानव असायचे. पद्मजाकडच्या यंत्रमानवाचं नाव टिपूस. मेला इतका चिकट, की आजोबांनी चूळ भरली तरी मोजायचा!

वर्षभर अंतराळ स्थानकावर असलेली आई आठ दिवसांनी घरी येणार होती. तिच्या आवडीचं जवाचं फसफसतं सरबत करायचं होतं. भाऊआजोबा एकेकाळी बिअरच्या कारखान्यात रसायनतज्ज्ञ होते. मोड आणून वाळवलेल्या जवाचा गोड काढा बिअरलाही लागतो आणि या सरबतालाही. काढा निवला की त्यात यीस्ट (साखर खाऊन बुडबुडे सोडणारे इवलेसे जीव) घालायचं. घरात यीस्टची शेवटची पुडी उरली होती.

"आत्ताच घातलं तर?" पद्मजानं विचारलं.

"भाजून मरेल बिचारं."

"मग निवू दे की आपोआप."

"तोवर हवेतले जंतू ताव मारतील. सरबत नासलंच समज!"

आजोबांनी काढ्यात तांब्याच्या नळीचं वेटोळं सोडलं. पंप सुरू झाला. बादलीतलं पाणी नळीतून फिरून परत बादलीत येऊ लागलं. काढ्याची उष्णता तांब्यातून पाण्यात शिरत होती, पण दोन्ही एकमेकांत मिसळत नव्हती.

काढा नव्वद अंशांवर आला, मग सत्तर, मग पन्नास. तिथं तापमापकाचा काटा जो अडला तो हलेचना.

"कारखान्यात सरळ नळ सोडून द्यायचो," आजोबा पुटपुटले.

"नळ मिळणार नाही," टिपूस म्हणाला.

आजोबा चिडले. गुडघा शेकायला जमवलेला सगळा बर्फ त्यांनी उचलला आणि बादलीवर धरला.

"आजोबा, थांबा!" पद्मजानं बादलीत बोट घातलं. "आई गं! हे पाणीसुद्धा तापलंय. माझ्या तापात आई कपाळावरची पट्टी सारखी बदलायची. तापलेली पट्टी ताप कसा उतरवणार? तुमचा बर्फ आधी ही बादलीच निववत बसेल!"

आजोबांनी बर्फ मागे घेतला. "शाब्बास! उष्णता गरमाकडून गाराकडेच जाते. दोन्ही सारखे तापले की संपलं!"

गरम पाणी बाजूला ठेवलं. स्वतःच्या पिण्याच्या वाट्यातून राखलेलं तीन लिटर गार पाणी पंपाला जोडलं आणि बर्फ त्यात पडला. काटा सरसर उतरला आणि पंचविसावर आला. पद्मजानं पुडी फोडून यीस्ट काढ्यात घातलं.

"आणि हे गरम पाणी? सांडायचं नाही हं," टिपूसनं बजावलं.

"सांडतोय कोण?" आजोबा पंचा घेऊन न्हाणीघरात पळाले. टिपूसच्या राज्यात तीन महिन्यांनी त्यांना ऊन पाण्याची आंघोळ मिळाली. न्हाणीघरातून बेसूर गाणं ऐकू येत होतं.

आठ दिवसांनी बाटलीचं बूच फट्कन उडालं ते थेट टिपूसच्या डोक्यावर! आईनं घोट घेतला आणि डोळे मिटले. सगळी हकिकत ऐकून ती म्हणाली, "पद्मे, आमच्या स्थानकावर थेंबाथेंबाची मारामार असते. ही युक्ती मी तिथं नेणार. नाव काय द्यायचं हिला?"

पद्मजा आईला बिलगली. "तापातली पट्टी," ती म्हणाली. "तुझीच तर आहे."